रॉस दुसऱ्याचं वाक्य घेत नसे

शॉट लागण्याआधी रॉस जमीन तपासायचा. कॅमेरामन दिवे लावत असे, दिग्दर्शक घड्याळ बघत असे, आणि हा सहा फुटी ऑस्ट्रेलियन माणूस आपल्याला जिथे उभं राहायचं आहे तिथे जाऊन उजव्या बुटाची टाच दोनदा आपटायचा. ठक, ठक. मग मान हलवून बाजूला व्हायचा आणि थर्मासमधला चहा प्यायचा. जमीन फरशीची असो, वाळूची असो, गालिच्याची असो, हे चुकायचं नाही. एकदा एका बँकेच्या संगमरवरी दालनात जाहिरातीचं शूटिंग होतं. तिथल्या मॅनेजरने घाबरून विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?"

"अजून तरी नाही," रॉस म्हणाला.

मी त्याला कारण विचारलं तेव्हा त्याने मलाच बाजूला घेतलं. "डॅमो, नटाचं पहिलं काम उभं राहणं. ते जमलं तर पुढचं बघू."

माझं आडनाव दामले. पहिल्याच दिवशी त्याने त्याचं डॅमो केलं. त्याच्या देशात म्हणे माणूस आवडला की त्याचं नाव तोडतात आणि शेवटी ओकार लावतात. तो इंग्रजी बोलायचा, आणि मधूनमधून सेटवर शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी. इथे मी त्याला मराठीत बोलायला लावतो आहे. तेवढं त्याने चालवून घेतलं असतं.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. शारजात आमची जी फिल्म कंपनी होती, तिच्या जुन्या लोकांनी एक स्मरणिका काढली. कंपनी केव्हाच बंद झाली, पण माणसं अजून फोनवर भेटतात. स्मरणिकेत रॉसवर दीड ओळ आहे: 'गुणी नट, पण दारूने घात केला.' लिहिणाऱ्याचा दोष नाही. तो नंतर नोकरीला लागला, त्याने जे ऐकलं ते लिहिलं. ते जिथून निघालं ती जागा मला माहीत आहे. त्या जागेवर माझी सही आहे. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. ज्यांना हे वाचून राग येईल त्यांनी खुशाल यावं, मी मुलीच्या घरी शारजातच राहतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या रांगेमागे, आमचं पत्र्याचं गोदाम होतं. त्यातच स्टुडिओ, त्यातच ऑफिस. छोट्या जाहिराती, कारखान्यांच्या माहितीफिती, आणि बांधकाम कंपन्यांसाठी सुरक्षेच्या फिल्म्स आम्ही करायचो. कागदावर मालक एक स्थानिक अरब गृहस्थ होते. ते वर्षातून एकदा खजूर घेऊन यायचे. खरा कारभार कर्णिकसाहेबांचा. मी प्रॉडक्शन मॅनेजर, म्हणजे गाडी, जेवण, परवाने, सामान, आणि जे कुणाचंच काम नाही ते.

रॉस एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर दुबईत आला होता. कंपनी तीन प्रयोगांत बुडाली. बाकीचे परत गेले, हा राहिला. आम्हाला इंजिनियर, डॉक्टर, विमा कंपनीचा साहेब असा गोरा चेहरा सारखा लागायचा. कर्णिकांनी त्याला पगारावर ठेवून घेतलं, व्हिसा काढला. तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती.

त्याची नटाची कारकीर्द तो स्वतःच इतक्या मजेने सांगायचा की ऐकणाऱ्याला ती अयशस्वी आहे हे उशिरा कळायचं. गावात पिठाची गिरणी, बाप तिथे पोती उचलायचा. हा शहरात पळाला. एका मालिकेत त्याला गावच्या पशुवैद्याचं काम मिळालं, चौथ्या महिन्यात लेखकाने त्याला विहिरीत ढकललं. एका मोठ्या चित्रपटात त्याचे सहा प्रसंग होते, संकलनात सहाही गेले. पोस्टरवर मात्र नायिकेच्या मागे एक खांदा राहिला होता. "तो माझा," तो अभिमानाने सांगायचा. "आमच्या देशात माझा चेहरा कुणी ओळखत नाही, पण खांदा सगळ्यांनी पाहिलाय." प्रेत म्हणून त्याने नऊ वेळा काम केलं होतं. "मेलेल्याचं काम सगळ्यात अवघड. श्वास दिसता कामा नये आणि पैसे तर जिवंत माणसापेक्षा कमी."

आणि दारू. तेही तो लपवायचा नाही. चाळिशीच्या आत एका मुख्य भूमिकेसाठी त्याची निवड झाली होती. पहिल्या दिवशी तो सेटवर पिऊन गेला आणि जिन्यावरून कोसळला. भूमिका गेली. त्यानंतर दोन वर्षांनी त्याने बाटली सोडली, आणि आमच्याकडे आला तेव्हा सोडून अकरा वर्षं झाली होती. टाच आपटण्याची सवय त्या जिन्यापासूनची. "त्या दिवशी जिना जागेवर होता," तो म्हणायचा, "मीच नव्हतो."

त्याच्या लाल झाकणाच्या थर्मासात काळा चहा असायचा, इथे ज्याला सुलेमानी म्हणतात तो. लिंबू नाही, साखर नाही. रोज सकाळी सात वाजता ऑफिसच्या पॅन्ट्रीत तो मी भरायचो. कुणी मला सांगितलं नव्हतं, पण मी माझ्यासाठी चहा करायचोच, त्यात याचं दोन कप पाणी जास्त. सिनेमात व्हिस्की म्हणून जे पेल्यात दिसतं तो काळा चहाच असतो. रॉस हसून म्हणायचा, "आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे चहा पिऊन झिंगलो. फुकटची नशा, डोकं दुखत नाही."

सुरक्षेच्या फिल्म्समध्ये खरे कामगार घ्यायचे हा त्याचाच आग्रह. कर्णिकांना दुबईतले हौशी नट हवे होते. रॉस अडून बसला. "ज्याला परांचीवर चालता येत नाही त्याने परांचीवरून पडू नका असं सांगायचं? लोक हसतील." म्हणून आम्ही मुहैस्नाहच्या, म्हणजे सोनापूरच्या, लेबर कॅम्पमधून चार माणसं आणली. त्यांत कणकवलीकडचा तुकाराम राणे होता. परांची बांधण्यात हात बसलेला, बोलायला तिखट. दुपारच्या सुट्टीत रिकाम्या खोक्यांवर बसून रॉस आपल्या हकिकती सांगायचा आणि मी भाषांतर करायचो. एकदा खांद्याची गोष्ट ऐकून राणे मला म्हणाला, "दामलेनु, ह्येका इचारा, एवढा सगळा होऊन ह्यो हाच धंदो कशाक करता? माझ्या गावात असतो तर बापाशीन झोडपून काढलो असतो."

मी विचारलं. रॉसने समोरच्या परांचीकडे बोट दाखवलं. "याला विचार, ती परांची तो कशाला बांधतो? इमारत झाली की सोडूनच टाकतात ना? इमारतीच्या फोटोत ती कधी असते का?"

राणे म्हणाला, "पण तिच्याशिवाय इमारत होवची नाय."

"तेच," रॉस म्हणाला. "लोक करिअरला शिडी समजतात. वर गेलो की नाही, एवढंच बघतात. मी परांची आहे. रोज बांधायची, रोज तपासायची, काम संपलं की गुंडाळून दुसरीकडे न्यायची. माझ्याशिवाय कुणाचा तरी सीन उभा राहत नव्हता, एवढं मला पुरे."

राणेने ते ऐकून आपल्या डब्यातला तळलेल्या बांगड्याचा तुकडा रॉसच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून तो त्याला साहेब न म्हणता 'आमचो रॉस' म्हणू लागला.

त्याच फिल्ममधला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंजिनियर झालेला रॉस कामगार झालेल्या राणेला विचारतो, पट्टा का नाही लावला? राणेने म्हणायचं, "साहब, जल्दी में था." चार शब्द. राणे परांचीवर वाघ होता, कॅमेऱ्यापुढे त्याची जीभ टाळूला चिकटली. एक टेक, दोन टेक, सहा टेक. दिग्दर्शक मुंबईहून आलेला तरुण होता, तो वैतागला. "रॉस, तूच बोलून टाक. 'जल्दी में थे ना?' असं विचार, तो नुसती मान हलवेल. यल्ला, खलास करू." आखातात घाई झालेला प्रत्येक जण यल्ला म्हणतो, म्हणजे चल, आटप.

रॉस म्हणाला, "ते त्याचं वाक्य आहे."

"पण त्याला येत नाहीये!"

"येईल. टेप चालू ठेव. मी थांबतो."

आणि तो थांबला. कॅमेरा चालू, सगळे घामाने निथळलेले, आणि रॉस राणेच्या तोंडाकडे बघत नुसता उभा. चेहऱ्यावर चीड नाही, घाई नाही. जणू जगात याला दुसरीकडे कुठे जायचंच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग राणेच्या तोंडून ते चार शब्द असे निघाले की दिग्दर्शकाचं 'कट' म्हणायचं राहून गेलं. त्यात खरी शरम होती. नंतर राणे मला म्हणाला, "तो असो बघी होतो, जसो बोलल्याशिवाय माका सोडूचो नाय आणि मारूचोय नाय."

माझी मुलगी केतकी तेव्हा अकरा वर्षांची होती, दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत. तिला वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभं केलं होतं आणि ती घरी रडत होती. रॉस एका शुक्रवारी जेवायला आला, माझ्या बायकोच्या हातची कोथिंबीर वडी खाऊन खूश झाला आणि केतकीला घेऊन बाल्कनीत गेला. तासाभराने आत आली तेव्हा ती टाच आपटत होती. ठक, ठक. त्याने तिला थर्मासच्या झाकणातून आपला चहा पाजला होता. "बाबा, इट्स सो बिटर! हाऊ डज ही ड्रिंक धिस?" ती म्हणाली. हे लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

आता तो दिवस.

त्याच फिल्मचा एक प्रसंग आमच्या गोदामामागच्या आवारात होता. परांची फार उंच नव्हती, बारा फूट असेल. राणेच्या माणसांनी ती आदल्या दिवशी निम्मी बांधली आणि कॅम्पची बस आली म्हणून ते गेले. सकाळी येऊन वरच्या फळ्या बांधणार होते. साइटवर एक पद्धत असते: परांची जबाबदार माणसाने तपासली की तिला हिरवी पाटी लावतात. हिरवी पाटी नसेल तर कुणी चढायचं नाही. आमच्या फिल्ममध्ये ती पाटी दिसायला हवी होती, म्हणून सामानाच्या यादीत तीही होती. सकाळी साडेसहाला मी यादी घेऊन आवारात गेलो आणि हेल्मेट, पट्टे, हातमोजे जसे मांडले तशी पाटीही लावली. माझ्या दृष्टीने ते नेपथ्य होतं.

राणेची बस त्या दिवशी उशिरा आली. तोवर दिग्दर्शकाने कॅमेरा लावला होता. बांधकाम कंपनीचा सुरक्षा अधिकारी शूटिंग बघायला येणार होता आणि कर्णिकांची धावपळ चालली होती. रॉस शिडीशी आला. फळ्या वर होत्या, खालून टाच आपटता येत नव्हती. त्याने मला विचारलं, "डॅमो, वरचं तपासलंय?"

मी वर बघितलं. हिरवी पाटी डुलत होती. मीच तासाभरापूर्वी लावलेली. आणि तिच्याकडे बघून मी म्हणालो, "तपासलंय. यल्ला, यल्ला."

लोक विचारतील, स्वतः लावलेल्या खोट्या पाटीवर माणूस कसा विश्वास ठेवेल? मला एवढंच सांगता येतं की ठेवतो. घाईत असलेल्या माणसाला हिरवा रंग पुरतो.

माझ्या शब्दावर रॉस चढला आणि त्या जिन्यानंतर पहिल्यांदा टाच न आपटता फळीवर पाऊल टाकलं. पट्ट्याचा आकडा दुसऱ्या टोकाला अडकवायचा होता, तिथवर चालत जायचं, असाच सीन होता. फळी सुटी होती. तो फळीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. पडल्या पडल्या त्याने माझ्याकडे पाहिलं, राणेकडे पाहिलं होतं तसं. तेवढ्यात राणेची बस फाटकातून आत येत होती.

हॉस्पिटलात त्याचं रक्त दारूसाठी कुणी तपासलं नाही, कारण कुणाला संशयच नव्हता. संशय दोन दिवसांनी आमच्या ऑफिसात तयार झाला.

कर्णिकांनी दार लावून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात त्यांनीच मला त्याच दिवशी विमानात बसवलं होतं. म्हणाले, "दामले, प्रॅक्टिकल विचार करा. सेफ्टीची फिल्म बनवणाऱ्या कंपनीची परांची पडली. बाहेर कळलं तर उद्यापासून कोण काम देईल? चाळीस माणसांचे व्हिसा आहेत आपल्याकडे. त्यात तुमचाही आहे. केतकीची शाळा आहे."

"पण साहेब, चूक माझी..."

"तुमची कशाला? तो पूर्वी प्यायचा, हे त्यानेच सांगितलंय सगळ्यांना. थर्मास सारखा तोंडाला. इन्शुरन्सला एवढंच पाहिजे. पोलिसात वगैरे आपण जात नाही. तुम्ही आपले आहात, म्हणून तुम्हाला सांगतोय."

कागद टाइप करून तयार होता. थर्मासला दारूचा वास येत होता आणि मी स्वतः तो घेतला, असं त्यात लिहिलेलं होतं. मी वाचला. पुन्हा वाचला. आणि सही केली. पेन कर्णिकांचं होतं, हे सांगून काही हलकं होत नाही. सेटवर चहाची दारू व्हायची ती कॅमेऱ्यासाठी. आम्ही ती कॅमेऱ्याशिवाय केली.

विम्याच्या माणसाला राणेने मात्र खरं सांगितलं. "चाय था साब, रोज चाय होता था." विमावाल्याने मान डोलावली आणि वही मिटली. कॅम्पातल्या माणसाचं कोण लिहून घेतं.

ही बातमी पंधरा दिवसांत मराठी मंडळींच्या घरोघर पोचली. आमच्याकडे जेवताना बायको म्हणाली, "अहो, रॉसबद्दल काय ऐकतेय मी? तो तर आपल्याकडे सरबतसुद्धा विचारून घ्यायचा." मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. केतकी म्हणाली, "बट इट्स टी, बाबा. आय हॅड इट. यू मेक इट फॉर हिम."

मी तिच्यावर ओरडलो. "तू गप्प बस! मोठ्यांच्या गोष्टीत बोलायचं नाही."

ती गप्प बसली. नंतर तिने हा विषय पुष्कळ वर्षं काढला नाही. खोटी सही मी एकदाच केली, पण मुलीला खरं बोलताना गप्प केलं ते रोज आठवतं.

रॉसपुढे कर्णिकांनी दुसरा कागद ठेवला. आपण दारू प्यायलो होतो असं त्याने कबूल करायचं, कंपनी उपचार करेल, चांगलं शिफारसपत्र देईल, सन्मानाने निरोप देईल. नाही तर करार रद्द, व्हिसा रद्द, आणि आखातात कुठलीच कंपनी त्याला उभं करणार नाही. कागद घेऊन मलाच पाठवलं. पाय वर टांगलेल्या अवस्थेत त्याने तो वाचला आणि पेन मागितलं. मला वाटलं करतोय सही. त्याने कागद उलटा केला, मागे दुपारच्या जेवणात काय हवं ते लिहिलं आणि नर्सला दिला.

मग म्हणाला, "तुझ्या साहेबाला सांग, माझे सहा सीन कापले, मी काही बोललो नाही. विहिरीत ढकललं, बोललो नाही. पण ही अकरा वर्षं माझी आहेत. एकेक दिवस मी स्वतः केलाय, त्याला डबल नव्हता. हे कापू देणार नाही. व्हिसा घ्या, पाय घ्या, नाव खराब करा. सही नाही."

"रॉस, तुला काम मिळणार नाही," मी म्हणालो. माझी जीभ कशी रेटली कोण जाणे.

"मला काम कधी मिळत होतं?" तो म्हणाला आणि हसला.

फिल्मचं शेवटचं भाषण बाकी होतं. इंजिनियर कॅमेऱ्याकडे बघून कामगारांना नियम सांगतो, ते. कर्णिकांना दुसरा नट हवा होता, पण बांधकाम कंपनीच्या अधिकाऱ्याने ऐकलं नाही. सगळी फिल्म याच माणसावर आहे, म्हणाला. करार रद्द केल्याच्या नोटिशीचे आठ दिवस उरले असताना रॉस कुबड्या घेऊन स्टुडिओत आला. सगळे त्याची नजर चुकवत होते. त्याने खुर्चीजवळ जाऊन कुबडीचं टोक जमिनीवर आपटलं. ठक, ठक. बसला. प्लॅस्टरचा पाय समोर लांब केला. दिग्दर्शक म्हणाला, पाय फ्रेमबाहेर ठेवू. रॉस म्हणाला, "पाय फ्रेममध्ये."

लिहून दिलेलं भाषण इंग्रजीत होतं. टेप सुरू झाली आणि तो हिंदीत बोलू लागला. ते हिंदी मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "भाई, ये पाँव देखो. ये एक्टिंग नहीं है. किसी ने बोला ठीक है, मैं मान गया. हरा बोर्ड था, मैं मान गया. तुम मत मानना. इंजीनियर बोले, मैनेजर बोले, मैं बोलूँ, मत मानना. पहले पाँव मारो. खुद देखो. फिर चढ़ो."

मी कॅमेऱ्याच्या मागे तीन फुटांवर उभा होतो. 'किसी ने' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कर्णिक लाल झाले. हे कापा म्हणाले. पण सुरक्षा अधिकारी तिथेच बसला होता, त्याने पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाला की यातलं एक अक्षर काढायचं नाही. ते राहिलं यात माझा काहीही पराक्रम नाही.

रॉस जाण्याच्या आदल्या दुपारी मी त्याच्या खोलीवर गेलो. बॅग भरून झाली होती. लाल झाकणाचा थर्मास वरच ठेवला होता. माझी नजर तिथे गेली तसा तो म्हणाला, "घाबरू नको. पुरावा म्हणून नाही नेत. विमानातला चहा वाईट असतो."

मी उभाच होतो. अखेर विचारलं, "मी तपासलंय म्हणालो होतो, हे तू कुणालाच का सांगितलं नाहीस? तुझं नाव वाचलं असतं."

त्याने बॅगेची चेन ओढून लावली. मग म्हणाला, "ते तुझं वाक्य आहे, डॅमो. मी दुसऱ्याचं वाक्य घेत नाही."

तो माझ्याकडे बघत थांबला, अगदी तसाच. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी त्याची बॅग उचलून खाली नेली. प्रॉडक्शन मॅनेजर होतो ना.

फिल्म सोनापूरच्या कॅम्पात दाखवायला मीच गेलो. शुक्रवारची दुपार, जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही लावलेला, तीनेकशे माणसं जमिनीवर. भाषण संपलं तेव्हा मागून कुणीतरी टाच आपटली. मग दुसऱ्याने. मग सगळा हॉल. राणे माझ्याजवळ आला. "दामलेनु, चाय तुमीच भरी होतास. मी बगलंय." एवढंच बोलून तो गेला. त्यानंतर दुबईतल्या कित्येक साइटवर मी लोकांना फळीवर पाय टाकण्याआधी दोनदा टाच मारताना पाहिलं. हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणायचे, पद्धत आहे.

रॉस हरला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. दोन हजार सालानंतर त्याचं एक कार्ड आलं. "हाड वाकडं जुळलं, त्यामुळे चालणं छान झालंय. लंगडा म्हातारा लागला की मला बोलावतात. लंगडे म्हातारे देशात पुष्कळ आहेत, पण वाक्यं पाठ असलेले कमी. या वर्षी तीन चित्रपट. एकही सीन कापलेला नाही." पुढे केतकीने एका दुकानातून त्यातल्या एकाची डीव्हीडी आणली. तो रेल्वे फाटकाचा पहारेकरी होता. फाटकापाशी येतो, काठी दोनदा आपटतो, मग उभा राहतो. केतकी रडत होती. मी पंखा वाढवायला उठलो.

गेल्या वर्षी त्याच्या बहिणीचं पत्र आलं. झोपेत गेला. शेवटपर्यंत प्यायला नाही, असं तिने लिहिलं आहे, मी विचारलं नसताना. म्हणजे ती गोष्ट तिथवरही पोचली होती.

स्मरणिकेतली ती दीड ओळ मी केतकीला वाचून दाखवली. ती आता बेचाळीस वर्षांची आहे, तिच्या व्हिसावर मी इथे राहतो. तिने ऐकलं आणि फक्त माझ्याकडे बघत थांबली. ते थांबणं ती कुणाकडून शिकली, मला ठाऊक आहे.

म्हणून आता बोलतो. उशीर झालाय, पण टेप अजून चालू आहे असं धरून चालतो. माझं वाक्य असं होतं:

परांची मी तपासली नव्हती. तपासली म्हणून सांगितलं ते मी. थर्मासात चहा होता, तो मी भरला होता.